८००७००७० म्हणजे नेमकं काय?

वाशीतल्या एका सोसायटीच्या ऑफिसात विंडोजचं अपडेट सारखं फेल जात होतं. स्क्रीनवर शून्य, एक्स आणि पुढे ८००७००७०. कमिटीतल्या एकाने 'व्हायरस आहे' म्हणून निकाल दिला, दुरुस्तीवाला म्हणाला, 'फॉरमॅट मारून टाकू.' तो आकडा वाचायच्या भानगडीत कोणी पडलंच नाही. दुखणं त्यातच लिहिलेलं होतं.

सुरुवातीचं 'शून्य-एक्स' म्हणजे पुढची संख्या सोळाच्या पायावरची: ० ते ९ आणि मग ए ते एफ. तिचा प्रत्येक अंक चार बिटांचा; बिट म्हणजे एक ० किंवा १. पहिला ८, द्विमान पद्धतीत १०००. त्यातला सर्वांत डावीकडचा १ सांगतो की काम फसलं. जमलं असतं तर तिथे ० असता. पुढचे ००७ म्हणजे तक्रार कुठल्या खात्याची. गाडीच्या पाटीवर एमएच ४३ दिसलं की नवी मुंबई, ०४ दिसलं की ठाणे, तसंच. ७ हे विंडोजच्या मूळ यंत्रणेचं खातं. फायली, डिस्क, परवानग्या तिच्याकडे. उरले ००७०. सोळाच्या पायातले ७० म्हणजे ७ गुणिले १६, म्हणजेच ११२. विंडोजच्या यादीत ११२ व्या चुकीपुढे लिहिलंय: डिस्कवर पुरेशी जागा नाही!

सी ड्राइव्ह उघडला, तर सीसीटीव्हीच्या क्लिपांनी गच्च भरलेला. त्या हलवल्या, अपडेट झालं.

अपडेटला इतकी जागा लागते कशाला? एक तर ते दाबून बसवलेलं येतं आणि उलगडलं की फुगतं. शिवाय नवं बिघडलं तर मागे फिरता यावं म्हणून जुन्या फायली लगेच पुसत नाहीत. मोठ्या अपडेटनंतर जुनं विंडोज साधारण १० दिवस 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डरमध्ये पडून असतं. 'एका क्लिकमध्ये सगळे एरर गायब' म्हणणारे फुकट प्रोग्राम मात्र त्याच भरलेल्या डिस्कवर आधी स्वतःसाठी जागा मागतात.

८००७ नंतर ०००२ असेल तर फाइल सापडलेली नाही. ०००५ असेल तर परवानगी नाकारलेली. आकडा ८०२४ ने सुरू झाला तर खातंच बदललं, तक्रार थेट अपडेट करणाऱ्या सेवेची. उदाहरणार्थ ८०२४४०२सी: सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता मिळाला नाही. इथे डिस्क कितीही रिकामी करा, उपयोग शून्य. नेटची आणि प्रॉक्सीची (आपल्या आणि नेटच्या मधे बसणाऱ्या सर्व्हरची) सेटिंग बघा.