उजळ व्यक्तिछायाचित्रण

उजळ व्यक्तिछायाचित्रण : माणसाचा चेहरा भरपूर आणि मऊ प्रकाशात, हलक्या सावल्यांसह, टवटवीत रंगांत टिपण्याची छायाचित्रणातील पद्धत. अशा चित्रात चेहऱ्याच्या उजेडातल्या आणि सावलीतल्या बाजूंमध्ये फारसे अंतर नसते, डोळ्यांत प्रकाशाचा ठिपका चमकतो, कपड्यांचे रंग खुलतात पण भडक होत नाहीत. पार्श्वभूमी बहुधा फिकट असते. चित्रातल्या जवळजवळ सगळ्या छटा पांढऱ्याकडे नेल्या की त्या टोकाच्या प्रकाराला ‘हाय-की’ म्हणतात. लग्नाचे अल्बम, बाळांचे फोटो, मासिकांची मुखपृष्ठे आणि जाहिराती यांत ही पद्धत विशेष दिसते.

मराठीत या विषयाची पहिली अडचण शब्दातच आहे. ‘उजळ’ हा शब्द आपण प्रकाशाला लावतो तसाच कातडीलाही लावतो. स्थळ सांगताना ‘मुलगी रंगाने उजळ आहे’ असे आजही ऐकू येते. त्यामुळे ‘फोटो जरा उजळ करा’ या मागणीचा अर्थ पुष्कळदा ‘चेहरा गोरा करा’ असा घेतला जातो. या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिलीत चेहऱ्यावर पडणारा प्रकाश सुधारतो, दुसरीत माणूस बदलतो. सावळ्या चेहऱ्याचे उत्तम उजळ चित्र सावळेच असते, आणि ते तसे काढता येणे हीच या कामातली खरी कसोटी आहे.

पूर्वपीठिका

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली, त्या काळातल्या काचेच्या प्लेटांना निळा प्रकाश तेवढा नीट दिसे. तांबड्याला त्या जवळजवळ आंधळ्या होत्या. म्हणून जुन्या फोटोंत कपाळावरचे कुंकू काळे दिसते आणि निळे लुगडे पांढुरके. तांबूस तपकिरी कातडीही प्रत्यक्षापेक्षा काळपट उतरे. १८७३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान फोगेल यांनी रंगद्रव्ये मिसळून प्लेटची संवेदनशीलता वाढवता येते हे दाखवले, तरी सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा बाजारात यायला विसावे शतक उजाडले. मधल्या काळात स्टुडिओवाल्यांनी उपाय हाताने केले. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवली की तिथली घनता वाढे आणि प्रिंटमध्ये तो भाग उजळ येई. सुरकुत्या, देवीचे वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळे अशीच पुसली जात. प्रिंटवर हाताने रंग भरण्याची कलाही भारतात चांगलीच बहरली. आजचे संपादन या कामाचेच पुढचे रूप आहे.

रंगीत फिल्म आल्यावर प्रश्न संपला नाही, त्याने रूप बदलले. प्रयोगशाळेतल्या छपाई यंत्रांचे रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी एक प्रमाण-फोटो पाठवत असे. त्यावर गोऱ्या तरुणीचे चित्र असे आणि त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची कातडी बरोबर दिसली की यंत्र बरोबर, असा हिशेब. गडद वर्णाचे चेहरे त्या मापात बसत नसत. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र दाखवणारे कार्ड १९९० च्या दशकाच्या मध्यात आले. त्याच दशकात दोन फिल्मांनी रंगांबद्दलची दोन मते मांडली असे म्हणता येईल. १९९० मध्ये आलेली फुजीची वेल्व्हिया डोंगर, फुले, सूर्यास्त यांसाठी अप्रतिम होती, पण चेहरे तिच्यावर लालभडक येत. १९९८ मधली कोडॅकची पोर्ट्रा खास माणसांसाठी बनवली होती, तीही नैसर्गिक आणि चमकदार अशा दोन रंगप्रकारांत. चेहऱ्याला झेपणारी रंगांची तीव्रता निसर्गदृश्यापेक्षा कमी असते, हे तेव्हा फिल्मच्या रसायनातच बांधलेले होते. आता तो निर्णय संपादन करणाऱ्याच्या हातात आला आहे.

प्रकाश

या पद्धतीचे बहुतेक यश कॅमेरा हातात घेण्याआधी ठरते. प्रकाश मऊ की कडक हे दिव्याच्या ताकदीवर अवलंबून नसून, चेहऱ्याच्या जागेवरून तो स्रोत किती मोठा दिसतो यावर अवलंबून असते. सूर्य प्रचंड आहे, पण इतका दूर आहे की आकाशात तो टिकलीएवढा दिसतो. म्हणून दुपारच्या उन्हात नाकाची सावली सुरीने कापल्यासारखी पडते. तोच सूर्य ढगाआड गेला की सगळे आभाळ दिवा बनते. सॉफ्टबॉक्स (दिव्यापुढे पांढरे कापड लावलेली पेटी), छत्री, खिडकीवरचा पांढरा पडदा ही सगळी स्रोत मोठा करण्याची साधने. मोठा सॉफ्टबॉक्स दूर नेला की पुन्हा लहान दिसू लागतो आणि सावल्या टणक होतात, हे नवशिक्याच्या ध्यानात येत नाही. अंतर दुप्पट केले की प्रकाशही एकचतुर्थांश होतो, म्हणजे दोन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होणे). म्हणून दिवा चेहऱ्याच्या जवळ, चौकटीत येणार नाही इतपत, ठेवण्याकडे जाणकारांचा कल असतो.

प्रकाश थेट मारण्याऐवजी आपटवून वापरण्याच्या तंत्रात भारतीय छायाचित्रणाचा वाटा मोठा आहे. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ (१९५६) या चित्रपटासाठी वाराणसीतल्या घराचा चौक स्टुडिओत उभारला होता. चौकात उतरणारा मोकळ्या आभाळाचा प्रकाश हवा होता. छायालेखक सुब्रत मित्र यांनी सेटच्या डोक्यावर पांढरे कापड ताणले आणि दिवे खालून त्या कापडावर मारले. परत येणारा उजेड इतका पसरट होता की सावल्या जवळपास विरल्या. आपल्याकडच्या शूटिंगवर पांढऱ्या थर्माकोलचा पत्रा घेऊन उभा असलेला माणूस हेच काम करत असतो.

वीज नसतानाही हा प्रकाश मिळतो, आणि जुन्या मराठी घरांत त्याची जागा ठरलेली आहे : ओसरी. डोक्यावर छप्पर असल्याने वरचे ऊन अडते, डोळ्यांच्या खोबणीत सावली साचत नाही. समोर अंगण मोकळे असल्याने आभाळाचा उजेड थेट चेहऱ्यावर येतो. ओसरीच्या कडेपासून दोन-तीन हात आत, तोंड अंगणाकडे करून माणसाला बसवले की डोळ्यांत अंगणाची पांढरी चौकट उमटते. अंगणातली फरशी फिकट असेल तर हनुवटीखालची सावलीही तीच भरून काढते. मात्र अंगण कोकणातल्या जांभ्याचे असेल तर गळा तांबूस होतो, आणि हिरवळीच्या लॉनवर उभ्या नवरीच्या जबड्याखाली हिरवट छटा चढते. हळदीच्या फोटोंत हे हमखास दिसते : पिवळी साडी, पिवळा मंडप, अंगाला हळद, आणि सगळीकडून परतणाऱ्या पिवळ्याने चेहऱ्याचा स्वतःचा रंगच हरवतो. तिथे एक पांढरी चादर छातीच्या खाली, चौकटीबाहेर धरली तर फरक डोळ्यांना लगेच दिसतो.

स्टुडिओतली रूढ मांडणी म्हणजे मुख्य दिवा चेहऱ्यासमोर किंचित वर आणि प्रकाश परतवणारा रिफ्लेक्टर हनुवटीखाली. उघडलेल्या शिंपल्यासारखी ही रचना दिसते. उजेडाच्या व सावलीच्या बाजूंचे प्रमाण २:१ च्या आसपास, म्हणजे एका स्टॉपचा फरक, ठेवला की चेहरा उजळही राहतो आणि त्याला गोलाईही राहते. ते १:१ वर आणले तर नाक गालात विरघळते. पांढऱ्या पडद्यावर चेहऱ्यापेक्षा एक ते दीड स्टॉप जादा प्रकाश पुरतो. त्याहून वाढवला तर मागचा उजेड केसांच्या कडा खातो आणि भिंगात शिरून सगळे चित्र धुरकट करतो. अमेरिकन छायाचित्रकार रिचर्ड ॲव्हेडन यांनी १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या कामगारांची चित्रे पांढऱ्या कागदापुढे, मोकळ्या आभाळाखालच्या सावलीत काढली. पार्श्वभूमी लख्ख आहे आणि चेहऱ्यावरची एकही रेघ पुसलेली नाही, यासाठी ती आवर्जून पाहावीत.

गडद कातडीचा प्रकाश वेगळा विचार मागतो. गोऱ्या गालाचा आकार मुख्यतः उजेडातून सावलीत जाणाऱ्या चढउतारातून कळतो; सावळ्या गालाचा आकार त्यावरच्या चकाकीतून. म्हणून सावळ्या चेहऱ्यावर प्रकाशाचे प्रमाण वाढवत नेण्यापेक्षा स्रोत मोठा करून थोडा बाजूला नेणे अधिक उपयोगी. गालफडावर, कपाळावर, नाकाच्या दांडीवर रुंद मऊ चमक येते आणि कातडीचा रंग जिथल्या तिथे राहतो.

कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोरचे सगळे मधल्या करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरतो. पांढऱ्या साडीने चौकट भरली तर ती करडी येते, आणि सावळा चेहरा जवळून मोजला तर तो फटफटीत होतो. हातात धरायचा मीटर चेहऱ्यापाशी ठेवून पडणारा प्रकाश मोजतो. त्याला कातडीच्या रंगाशी देणेघेणे नसते. जमेल तिथे तोच वापरावा. स्वस्त एलईडी दिव्यांत गडद तांबडा भाग कमी असतो आणि कातडीची ऊब त्याच भागात असते, त्यामुळे अशा दिव्यांखाली चेहरे आजारी, हिरवट दिसतात. मंगल कार्यालयात खिडकीतला ५५०० केल्विनच्या (प्रकाशाच्या रंगाचे माप; आकडा कमी तितका उजेड पिवळा) आसपासचा उजेड आणि ३००० केल्विनचे पिवळे दिवे एकाच गालावर भेटले तर संपादनातही ते निस्तरणे जड जाते. त्यापेक्षा एक स्रोत बंद करावा.

संपादन

मूळ फाइल रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली माहिती न छाटता ठेवणारी, असावी. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. सावल्या उचलताना हा फरक जाणवतो. पहिले काम व्हाइट बॅलन्सचे, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसेल असे रंग जुळवण्याचे, कारण पिवळट चेहऱ्यावर उजेड वाढवला तर पिवळटपणाच वाढतो. मग एक्स्पोजर (एकूण उजेड), मग कर्व्हच्या, म्हणजे छटांचा उजेड बदलणाऱ्या वक्ररेषेच्या, मधल्या भागाला हलकासा उठाव. काळ्याचा बिंदू मात्र खाली घट्ट ठेवावा. केस, बुबुळे, भुवया काळ्या राहिल्या तरच बाकीचे चित्र उजळ वाटते. सगळेच वर उचलले की चित्रावर पिठूर धूळ बसल्यासारखी दिसते.

रंग वाढवण्यासाठी संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सॅच्युरेशन आणि व्हायब्रन्स हे दोन सरकते दांडे असतात. पहिला सगळ्या रंगांना सारखाच रेटतो. दुसरा फिक्या रंगांना जास्त, आधीच गडद असलेल्यांना कमी उचलतो आणि कातडीच्या छटा सांभाळतो, म्हणून चेहऱ्यांसाठी तोच बरा. तरीही कुंकवाकडे आणि राणी रंगाच्या पैठणीकडे लक्ष हवे. एकूण हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेडाच्या वाटणीचा आलेख) ठीक दिसत असतानाही एकटा तांबडा रंग कमाल मर्यादेला धडकलेला असतो. मग पदराच्या घड्या नाहीशा होतात आणि कुंकू सपाट ठिगळासारखे दिसते. अशा वेळी तांबड्याची तीव्रता आणि उजेड थोडा उतरवला की घड्या परत येतात, अर्थात मूळ फाइलमध्ये त्या शिल्लक असतील तर. नथीतले मोती आणि जरीच्या चमका जळणे, म्हणजे तपशील हरवून निव्वळ पांढऱ्या होणे, मात्र चालते. त्या तशाच लख्ख असायला हव्यात.

जगभरातल्या माणसांच्या कातडीची मूळ रंगछटा नारंगीच्या एका अरुंद पट्ट्यात येते. फरक असतो तो गडदपणाचा आणि तीव्रतेचा. ‘गोरे करण्याचे’ काम बहुधा नारंगी रंगाचा उजेड वाढवणाऱ्या दांड्याने होते. तो थोडा सरकवला तर डाग सौम्य होतात, जास्त सरकवला तर चेहरा गळ्यापासून आणि हातांपासून वेगळा पडतो. मेंदीचे हात सावळे आणि तोंड पिठासारखे, असे अल्बम पुष्कळ घरांत आहेत. मोबाइलचे ब्यूटी फिल्टर हेच काम न विचारता करत आले आहेत. उलट दिशेचे प्रयत्नही आहेत : गूगलने २०२१ मध्ये पिक्सेल ६ फोनसोबत गडद वर्ण नीट टिपण्यासाठीची सुधारणा आणली आणि २०२२ मध्ये कातडीच्या दहा छटांचे मंक मापक वापरात आणले. जाहिरातींमध्ये कातडी किंवा शरीराचा आकार बदलला असल्यास तसे छापण्याचे बंधन नॉर्वेने २०२२ पासून घातले आहे.

डाग, पुटकुळ्या काढाव्यात, तीळ ठेवावा, हा स्टुडिओंतला जुना दंडक अजूनही चांगला आहे : आठवड्याने जे जाणार ते काढायचे, जे राहणार ते ठेवायचे. डोळ्यांखालचा भाग पूर्ण पुसण्याऐवजी डॉज करून (तेवढाच भाग उजळ करून) अर्धा हलका करावा आणि बुबुळांतला प्रकाशाचा ठिपका किंचित खुलवावा.

पडदा स्वतः प्रकाश फेकतो, कागद फक्त परत पाठवतो. म्हणून पूर्ण तेजावर ठेवलेल्या मॉनिटरवर तयार केलेले चित्र अल्बममध्ये काळपट येते. मॉनिटरचे तेज आधी उतरवावे, एक छोटी प्रिंट काढावी आणि ती ज्या खोलीत अल्बम उघडला जाणार आहे तिथल्या उजेडात, शक्य असेल तर त्या माणसाच्या चेहऱ्याशेजारी धरून पाहावी.