पानाची सुरळी अळी कशी करते?

सफरचंदाच्या शेंड्याचे कोवळे पान सुरळीसारखे गुंडाळलेले दिसले की अनेकजण रोग समजून बुरशीनाशक फवारतात. आधी सुरळी उलगडून पाहा. मावा लागूनही पान वळते, पण त्याला धागे नसतात. कडा रेशमी धाग्यांनी बांधलेल्या असतील आणि गडद डोक्याची हिरवी अळी झपाट्याने मागे सरकून धाग्याला लोंबकळली, तर हे पाने गुंडाळणाऱ्या अळीचेच काम.

उत्तर अमेरिकेतल्या फळबागांत हे काम करणाऱ्या पतंगांपैकी एक म्हणजे आर्चिप्स आर्गिरोस्पिला. कूळ टॉर्ट्रिसिडी, ज्यात १०,०००हून अधिक जाती आहेत. तांबूस-तपकिरी पंखांवर फिकट डाग, म्हणून नावाचा अर्थ ‘चंदेरी ठिपक्यांचा’. सफरचंद, नासपती, चेरी, जर्दाळू असे काहीही त्याला चालते. वर्षाला एकच पिढी.

अळीच्या मानाने पान केवढे तरी मोठे. ते वळवण्याचे बळ येते धाग्यातून. अळीच्या लाळग्रंथींचे रूपांतर रेशीमग्रंथींत झालेले असते. धाग्याचे एक टोक पानाला चिकटवून ती डोके झुलवत दुसरीकडे नेते आणि तिथे दुसरे टोक चिकटवते. या ओढाताणीत धागा ताणला जातो आणि मग आखडू पाहतो. एका धाग्याचा ओढा नगण्य, पण शेजारी शेजारी असे शेकडो धागे पडले की ओढ्यांची बेरीज होते. पान किंचित वळले की कडांमधले अंतर घटते आणि जुने धागे सैल पडतात. तेवढ्यात अळीने नवे, आखूड धागे घातलेले असतात. मिळालेले वळण ते सुटू देत नाहीत.

सुरुवात मात्र सर्वांत अवघड. पान वळते ते बल आघूर्णाने, म्हणजे धाग्याचा ओढा गुणिले मध्यशिरेपासून त्या धाग्याचे लंब अंतर. सपाट पानावर धागा पानालगतच असतो, त्यामुळे हे अंतर जवळपास शून्य. पान वळू लागले की अंतर वाढते आणि तोच ओढा जास्त काम करतो. कोवळी पाने मुळातच थोडी खोलगट आणि लवचीक असतात, त्यामुळे तिथे हा पहिला टप्पा सोपा जातो.

सुरळीत सावली, दमटपणा आणि आडोसा एकत्र मिळतो. या गटातल्या अनेक अळ्यांच्या शेपटाकडे कंगव्यासारखा अवयव असतो. त्याने विष्ठा दूर भिरकावली जाते आणि घर स्वच्छ राहते.

बंद सुरळीत फवारा पोहोचत नाही, म्हणून उशिरा केलेली फवारणी वाया जाते. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे जिवाणूजन्य कीटकनाशक अळीच्या पोटात जावे लागते, तेही ती लहान आणि खादाड असताना. पाकळ्या गळण्याच्या सुमारास पाने नीट भिजवावीत. कामगंध सापळ्यांची (मादीच्या गंधासारखा वास ठेवून पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यांची) जाहिरात ‘कीड संपली’ अशी केली तर विश्वास ठेवू नये. त्यांत फक्त नर अडकतात. पतंग कधी उडू लागले हे कळण्यासाठी ते उत्तम.

कोवळ्या फळाला अळीने कुरतडले तर जखम भरते, पण तिथे खडबडीत, बुचासारखा तपकिरी व्रण राहतो.

अंडी उन्हाळ्यात फांद्यांवर पुंजक्याने घातली जातात आणि राखाडी-तपकिरी थराखाली पुढच्या वसंतापर्यंत तशीच राहतात. अंकुर फुटण्याआधी खनिज तेल फवारले तर अंड्यांना हवा मिळत नाही, मात्र पुंजका पूर्ण माखायला हवा. त्यात गंधक मिसळू नये, फांद्या-कळ्या करपतात. पुंजक्यावर बारीक भोके दिसली तर ती अंडी आधीच फुटलेली. थर अखंड असेल तर अळ्या आतच आहेत.