5083 आणि 6061 जोडायला देताना: ग्रेड प्लेटवरच कोरा

5083 आणि 6061 हे अ‍ॅल्युमिनिअमचे दोन ग्रेड. आम्ही फ्रिक्शन स्टर वेल्डिंगने जोडलेला त्यांचा सांधा कापून, पॉलिश करून, कॉस्टिकमध्ये बुडवून बघितला की बरेच ग्राहक फोन करतात, "आत पट्टे दिसतायत, माल नीट मिसळला नाही का?" पट्टे दिसणारच.

फ्रिक्शन स्टर वेल्डिंगमध्ये धातू वितळत नाही, मळलेल्या कणकेसारखा मऊ होतो. टूलच्या टोकाची फिरती पिन समोरचा माल ओढते, स्वतःभोवती वळसा घालून मागे नेऊन दाबते. प्रत्येक फेऱ्याला एक पदर. टूल मिनिटाला 1000 फेरे घेत 200 मिमी सरकत असेल तर पदर 0.2 मिमीचा. रंगीत चिरोटा आठवा: पदर वेगळे दिसतात, सुटत मात्र नाहीत. पूर्ण एकजीव करायचं तर वितळवावं लागेल, आणि 6061 फिलरशिवाय (म्हणजे वेगळा जोडधातू न घालता) वितळवला की भेगा पडतात. त्यापेक्षा पट्टे परवडले.

आता मुद्द्याचं. हा वळसा दोन्ही बाजूंना सारखा नसतो. जिथे टूलचं फिरणं आणि पुढे सरकणं एकाच दिशेने होतं ती अ‍ॅडव्हान्सिंग बाजू, समोरची रिट्रीटिंग. तापल्यावर जो ग्रेड चिवट राहतो तो आम्ही अ‍ॅडव्हान्सिंग बाजूला लावतो. गार असताना 6061-टी6 जास्त टणक, म्हणून लोक त्यालाच चिवट समजतात. तापल्यावर उलट होतं, 5083 अडून बसतो. एक्स्ट्रुजनवाल्यांना विचारा, 6061 डायमधून निमूट निघतो, 5083 घाम काढतो.

आणि दिसायला दोन्ही प्लेटा सारख्याच! एका ग्राहकाने ग्रेडचे स्टिकर प्लेटवरच्या प्लास्टिक फिल्मवर लावले होते. आमच्या मुलाने फिल्म सोलली, स्टिकर कचऱ्यात. चूक दोघांची, पण टणकपणा तपासून प्लेटा वेगळ्या करण्यात दीड दिवस गेला आणि तोवर मशीन रिकामं. मार्करही चालत नाही, कडा अ‍ॅसिटोनने पुसताना जातो. सांध्याच्या विरुद्ध कडेला पंचने किंवा एनग्रेव्हरने ग्रेड आणि टेंपर (टी6 सारखी कडकपणाची खूण) कोरा, चलानावर तेच लिहा, टेस्ट सर्टिफिकेट सोबत द्या. ओळख पटल्याशिवाय आम्ही मशीन चालू करत नाही. काहींना हा हट्ट वाटतो. बाजू चुकली तर आत बोगदा, म्हणजे सांध्याच्या लांबीने पोकळी, राहू शकतो, वरून सांधा गुळगुळीतच दिसतो, आणि मग तोच ग्राहक आम्हाला बोलतो.

कडांबद्दल थोडं. शिअरिंगची (कातरून कापलेली) तिरपी, बर म्हणजे खरखरीत कोर असलेली कड तशीच पाठवू नका. इथे फिलर नसतो, फट भरायला माल प्लेटमधूनच जातो. मिलिंग तुमच्याकडे नसेल तर आमच्याकडे होतं, वेगळा दर आहे. शेवटी टूल वर उचललं की भोक राहतं, त्यासाठी लांबी जास्त ठेवा किंवा जोडपट्टी द्या.

बसबारवाल्यांसाठी (वीज वाहणाऱ्या पट्ट्यांमध्ये तांबं अ‍ॅल्युमिनिअमला जोडायचं असेल तर): तांबं अ‍ॅडव्हान्सिंग बाजूला, पिन मात्र बरीचशी अ‍ॅल्युमिनिअममध्ये. तांबं जास्त ओढलं गेलं की ठिसूळ थर वाढतो. अ‍ॅल्युमिनिअम 660 अंशांना वितळतं, पण तांब्याच्या संगतीत 548 लाच पाणी होतं. म्हणून हे काम आम्ही सावकाश करतो आणि दरही त्याप्रमाणे लावतो.

नवीन जोडी असेल तर त्याच लॉटचे, मूळ जाडीचे, हातभर लांबीचे दोन तुकडे आधी पाठवा. जोडून, कापून, बेंड टेस्ट करून दाखवतो. ऑर्डर आली तर ट्रायलचे पैसे बिलातून वळते करतो.