सान्द्रा सांचेझ आणि महिला कातातली जपानची मक्तेदारी

५ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोच्या निप्पोन बुदोकानमध्ये ऑलिम्पिकच्या इतिहासातलं कराटेचं पहिलंवहिलं सुवर्णपदक दिलं गेलं, आणि ते महिलांच्या काता प्रकारात, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम एकटीने सादर करण्याच्या प्रकारात. अंतिम फेरीत स्पेनची सान्द्रा सांचेझ आणि यजमान जपानची कियो शिमिझू. दोघींनी एकच काता निवडला होता, चातानयारा कुशांकू. सांचेझला २८.०६ गुण मिळाले, शिमिझूला २७.८८. शिमिझू २७ वर्षांची होती, सांचेझ ३९ची.

आपल्याकडे काता म्हटलं की पट्ट्याची परीक्षा आठवते. शाळेच्या मैदानावर रांगेत उभी राहून ठरलेल्या क्रमाने ठोसा, ब्लॉक, किक करणारी पोरं, आणि वर्ग सुटायची वाट बघणारे पालक. स्पर्धेतला कातासुद्धा वरवर तोच. समोर प्रतिस्पर्धी नाही, फक्त कल्पनेतला हल्लेखोर. पण पंच बघतात ते निराळंच: उभं राहण्यातला तोल, वळताना कंबर आधी फिरली की खांदा, श्वास, वेग, आणि मधल्या स्तब्धतेतही सुटू न दिलेलं लक्ष.

जागतिक कराटे अजिंक्यपद स्पर्धा १९७० साली टोकियोत सुरू झाली, तेव्हा तिच्यात फक्त पुरुषांची कुमिते म्हणजे प्रत्यक्ष लढत होती. महिलांचा वैयक्तिक काता आला १९८०च्या माद्रिद स्पर्धेत. तिथपासून २००४पर्यंत तेरा स्पर्धा झाल्या आणि तेराही वेळा सुवर्णपदक जपानी खेळाडूनेच नेलं. त्यातली शेवटची चार सलग एकट्या आत्सुको वाकाईची. २००८ साली टोकियोतच व्हिएतनामच्या न्गुयेन होआंग न्गानने विजेतेपद मिळवलं, पण २०१२ला पॅरिसमध्ये रिका उसामी, मग २०१४ आणि २०१६ला कियो शिमिझू अशी गाडी पुन्हा जपानच्या रुळावर आली. इतका मोठा दबदबा असला की त्याचं वजन गुण देणाऱ्यांच्या मनावर अजिबात नसेल, असं मानणं भाबडेपणाचं.

सांचेझचा जन्म १६ सप्टेंबर १९८१चा, माद्रिदच्या नैर्ऋत्येला असलेल्या तालावेरा दे ला रेना या गावचा. मोठ्या भावाच्या मागे लागून ती लहानपणीच कराटेकडे वळली. शितो-र्यू ही तिची शैली. केन्वा माबुनी यांनी शुरी आणि नाहा या ओकिनावाच्या दोन्ही परंपरांतले काता या शैलीत एकत्र आणले, त्यामुळे शिकायला काता भरपूर. पण विशीतल्या सांचेझचं नाव आंतरराष्ट्रीय निकालांत शोधायला गेलात तर हाती फारसं काही लागत नाही. ज्या वयात काता खेळाडू साधारण शिखरावर असतात, ते वय तिच्या बाबतीत असंच निघून गेलं. प्रशिक्षक हेसूस देल मोरल यांच्याकडे आल्यावर चित्र बदललं. पुढे दोघांनी लग्नही केलं.

२०१५ साली इस्तंबूलमध्ये, वयाच्या ३३व्या वर्षी, ती पहिल्यांदा युरोपची विजेती झाली. त्यानंतर तिने ते पद सोडलंच नाही: २०१६, २०१७, २०१८, २०१९, आणि महासाथीत २०२०ची स्पर्धा बुडाल्यावर पुन्हा २०२१ व २०२२. जागतिक स्पर्धेत मात्र २०१६ला लिंझमध्ये कांस्यावर थांबावं लागलं. तिथे सुवर्ण शिमिझूचं होतं. दोन वर्षांनी माद्रिदमध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर, सांचेझने अंतिम फेरीत शिमिझूलाच हरवलं.

ही २०१८ची लढत महत्त्वाची, कारण तेव्हा निकाल झेंड्यांवर लागत असे. पाच पंच, लाल किंवा निळा झेंडा वर, विषय संपला. २०१९पासून जागतिक महासंघाने गुणपद्धत आणली: सात पंच, तांत्रिक बाजूला ७० टक्के आणि शारीरिक क्षमतेला ३० टक्के महत्त्व, सर्वांत वरचे दोन आणि खालचे दोन गुण बाद. नव्या पद्धतीमुळे जपान मागे पडला, असं म्हणायचा मोह होतो. पण सांचेझने शिमिझूला झेंड्यांवरही हरवलं होतं आणि पुढे टोकियोत गुणांवरही. त्यामुळे श्रेय नियमांना देण्यात मला अर्थ दिसत नाही.

कराटेला ऑलिम्पिकचं दार उघडलं ते ऑगस्ट २०१६मध्ये रिओच्या बैठकीत. सांचेझ तेव्हा ३४ वर्षांची होती. त्यात खेळ एक वर्ष पुढे ढकलले गेले. वर्षाची वाट पाहणं विशीतल्या खेळाडूला जमून जातं, चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या खेळाडूला ते परवडेलच असं नाही. बुदोकानच्या रिकाम्या खुर्च्यांसमोर तिने १८ शतांशांच्या फरकाने बाजी मारली. ग्रेस लाउ (हाँगकाँग) आणि व्हिव्हियाना बोत्तारो (इटली) यांना कांस्य मिळालं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात दुबईत जपानच्या हिकारू ओनोला हरवून ती दुसऱ्यांदा जगज्जेती झाली. २०२२च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमला वर्ल्ड गेम्सचं (ऑलिम्पिकबाहेरच्या खेळांची जागतिक स्पर्धा) सुवर्ण घेऊन तिने स्पर्धा सोडल्या. शिमिझू खेळत राहिली, २०२३ला हांगझोऊत आशियाई सुवर्णही तिने जिंकलं. ऑलिम्पिकमधल्या परतफेडीची संधी मात्र तिला मिळाली नाही. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या आयोजकांनी कराटे घेतलं नव्हतं, आणि २०२८च्या लॉस एंजेलिसच्या यादीतही ते नाही.