शिळं पाणी आणि मुरलेली टाकी

"मामा, पाणी तर दोन दिवस ठेवलं होतं की. तरी कसे मेले?"

मिरजेहून भाच्याचा फोन. दोन फुटी टँक, पाच गोल्डफिश, आठवा दिवस. तीन गेले होते आणि उरलेले दोन वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते. हा प्रश्न मला नवा नाही. शेजारी विचारतात, ऑफिसातले विचारतात, पोराच्या वाढदिवसाला टँक आणलेला प्रत्येक बाप विचारतो. घोटाळा सगळ्यांचा एकच: पाणी शिळं केलं म्हणजे टाकी तयार झाली. पाणी शिळं व्हायला दोन दिवस पुरतात. टाकी मुरायला, म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू तिच्यात वाढायला, महिना-दीड महिना लागतो. आणि पहिलं केल्याने दुसरं आपोआप होत नाही.

शिळ्या पाण्याचं तुम्हाला माहीतच आहे, म्हणून थोडक्यात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असावा असं आहे. माशांच्या कल्ल्यांना तो चालत नाही. उघड्या पिंपात २४ ते ४८ तास पाणी ठेवलं की तो उडून जातो, एअर पंप सोडला तर आणखी लवकर. घाई असेल तर दुकानात अँटी-क्लोरीन मिळतं, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना ही भानगडच नाही. झालं, एवढंच.

आता अमोनिया. क्लोरीन पाण्याबरोबर बाहेरून येतो, अमोनिया मासा स्वतः सोडतो, आणि तोही मुख्यतः कल्ल्यांतून, श्वास घेता घेता. म्हणजे मासा टाकीत पडल्या क्षणापासून अमोनिया सुरू. खाल्ल्यावाचून तळाशी राहिलेले दाणे कुजतात, त्याची भर वेगळीच. शिळं पाणी मासा येण्याआधीचा प्रश्न सोडवतं. मासा आल्यानंतरचा प्रश्न त्याला सुटत नाही. मग ते दोन दिवसांचं असो की पंधरा दिवसांचं.

हिशोब करून बघा. ३५ टक्के प्रथिनांचं १ ग्रॅम खाद्य माशांच्या पोटातून गेलं की साधारण ३० मिलिग्रॅम अमोनिया पाण्यात येतो. दोन फुटी टाकीत खडे-बिडे वजा जाता ५० लिटर पाणी मावतं. म्हणजे दिवसाला लिटरमागे ०.६ मिलिग्रॅम, यालाच ०.६ पीपीएम म्हणतात. चार दिवसांत दोनच्या वर. भाचा सकाळ-संध्याकाळ मिळून एवढंच घालत होता, आणि घरातलं पोरगं त्यापेक्षा कमी कधी घालत नाही.

हा अमोनिया जातो कुठे? मुरलेल्या टाकीत तो जिवाणू खातात. नायट्रोसोमोनास आणि त्याच्या भाईबंदांनी त्याचं नायट्राइट करायचं, दुसऱ्या गटाने नायट्राइटचं नायट्रेट, जे माशांना त्यामानाने फारसं बाधत नाही. हे जिवाणू रशियन शास्त्रज्ञ विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. जुन्या पुस्तकांत दुसऱ्या गटासाठी नायट्रोबॅक्टरचं नाव असतं. १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या टाक्यांच्याच अभ्यासात तिथे नायट्रोस्पायरासारखे जिवाणू काम करताना सापडले. नाव कुठलंही घ्या, लक्षात ठेवायची गोष्ट त्यांचा पत्ता. ते पाण्यात तरंगत नाहीत. ते फिल्टरच्या स्पंजला, वाळूला, खड्यांना, काचेला चिकटून राहतात.

सगळा घोटाळा इथे सुटतो. पिंपातल्या पाण्यात अमोनिया नाही, म्हणजे या जिवाणूंना खायला काही नाही. त्यांना धरून बसायला स्पंजही नाही. मग तिथे मुरणार काय? "आम्ही रिकामी टाकी आठवडाभर फिल्टर लावून चालवली" असं अभिमानाने सांगणारेही भेटतात. रिकाम्या टाकीत फिल्टर महिनाभर फिरवला तरी तो कोराच राहतो, कारण कैरीच घातली नाही तर बरणीत लोणचं मुरत नाही. मासे नसलेल्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकून ते कुजू द्या, मग ती मुरायला लागेल. किंवा दोनच काटक मासे सोडा आणि अगदी कमी खायला घाला. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात अमोनिया चढतो, तो उतरायला लागला की नायट्राइट चढतं, तेही उतरलं की फक्त नायट्रेट वाढत राहतं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवायला लागले की टाकी मुरली. आपल्याकडच्या उन्हाळ्यात जरा लवकर, थंडीत जरा उशिरा.

यातला सर्वात जवळचा मार्ग म्हणजे विरजण. मुरलेल्या टाकीतला स्पंज नव्या टाकीत पिळायचा आणि त्याचा तुकडा नव्या फिल्टरात घालायचा. जुन्या टाकीचं पाणी आणून ओतण्यात मात्र काही अर्थ नाही, लोक कॅन भरभरून नेतात तरी. पाण्यात जिवाणू जवळजवळ नसतातच, असतं ते नायट्रेट.

मी पाण्यातला अमोनिया मोजायचं टेस्ट किट घेऊन मिरजेला गेलो. टाकीतलं पाणी काचेसारखं नितळ होतं. दाजी म्हणाले, "बघा, किती स्वच्छ आहे!" पाणी किती नितळ आहे यावरून जो टाकीची तब्येत ठरवतो त्याला मी पुन्हा पुन्हा एकच सांगतो: अमोनियाला रंग नाही, आणि एवढ्या प्रमाणात वासही येत नाही. नळीत ५ मिलिलिटर पाणी घेतलं, थेंब टाकले, हलवलं. अमोनिया नसेल तर ते पिवळंच राहतं. आमचं पाच मिनिटांत गडद हिरवं झालं. ४ पीपीएम. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, ८.२.

हा पीएचही बघायचाच. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो: एक विषारी, मोकळा अमोनिया आणि दुसरा अमोनियम, जो माशाला फारसा त्रास देत नाही. किट दोन्हींची बेरीज दाखवतं. २८ अंशांना आणि ७ पीएचला विषारी वाटा एक टक्क्याहूनही कमी असतो, ८.२ ला तो दहा टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे भाच्याच्या टाकीत ०.४ पीपीएम मोकळा अमोनिया. ०.०५ च्या वर गेला की कल्ल्यांना इजा व्हायला लागते. वर येऊन तोंड उघडणाऱ्या माशांना हवा कमी पडत नव्हती, त्यांचे कल्ले भाजले होते.

याच गणितात जुन्या टाकीचीही एक खोच आहे. महिनोन्‌महिने पाणी न बदललेल्या टाकीचा पीएच घसरतो, जिवाणू मंदावतात आणि अमोनियम साठत राहतं. मासे तगून असतात. मग एका रविवारी घरमालक हौसेने बोअरचं ताजं, ८ च्या वर पीएच असलेलं पाणी टाकी भरून ओततो. निरुपद्रवी अमोनियमचा विषारी अमोनिया होतो आणि संध्याकाळपर्यंत मासे आडवे. "पाणी बदललं तर मासे मरतात" ही समजूत इथूनच आली. थोडं थोडं, आठवड्याला पाव टाकी बदला. काही होत नाही.

आणि फिल्टर धुणं. दाजींनी चौथ्या दिवशी स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत धुतला होता. जे काही चार जिवाणू जमू लागले होते, ते मोरीत गेले. स्पंज घाण दिसला तर टाकीतलंच पाणी बादलीत काढायचं आणि त्यात दोनदा पिळायचा. तो तपकिरी राहिला पाहिजे. लाइट जास्त वेळ गेली तर त्या जिवाणूंनाही प्राणवायू मिळत नाही, म्हणून बॅटरीवरचा छोटा एअर पंप माझ्याकडे कायम तयार असतो. स्पंज फिल्टरच घ्या असं मी सांगतो ते यासाठीच: स्वस्त, आणि छोट्या पंपावर चालतो.

दुकानातून टँकबरोबर मिळालेली निळ्या औषधाची बाटलीही त्यांनी रोज वापरली होती. ते मिथिलीन ब्लू. बुरशीवर चालतं, पण मुरणाऱ्या टाकीतल्या जिवाणूंना मारक. आणि हळद! सांगलीसारख्या हळदीच्या पेठेच्या गावात राहून हे लिहिताना जीव जड होतो, पण टाकीत हळद घालू नका. ती अमोनिया खात नाही, पाणी तेवढं गढूळ करते.

आम्ही निम्मं पाणी बदललं, शिळं आणि त्याच तापमानाचं. दोन दिवस खाणं बंद. माझ्या टाकीतला स्पंज पिळला आणि अर्धा कापून त्यांच्या फिल्टरात बसवला. भाच्याने किट स्वतःकडे ठेवून घेतलं आणि वहीत रोजचे आकडे लिहायला लागला. वाढलं की पाव टाकी बदल. दहाव्या दिवशी नायट्राइट चढलं. ते माशाच्या रक्तात शिरून रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद काढून घेतं, म्हणून ५० लिटरला एक चहाचा चमचा साधं मीठ विरघळवून घातलं. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

पाचव्या आठवड्यात त्याने फोटो पाठवला. अमोनियाची नळी पिवळी, नायट्राइट शून्य, नायट्रेट २०. दोन्ही मासे जिवंत. खाली विचारलं होतं, "आता तीन परत आणू का?" मी लिहिलं की दोन फुटात गोल्डफिश दोनच, ते वितीएवढे होतात. त्यावर त्याचं उत्तर: "मग नको मामा. ह्या दोघांची नावं पण ठेवून झालीत."