बोलेरो, स्कॉर्पिओ, एक्सयूव्ही: घर एक पण गोत्र वेगळं

चुलतभावाला गाडी घ्यायचीय, बजेट 15-18 लाख, आणि कंपनी महिंद्राच हे त्याने आधीच ठरवलंय, त्यामुळे आता फक्त "थार की स्कॉर्पिओ-एन की एक्सयूव्ही 700" एवढंच चालू आहे रोज रात्री. परवा म्हणाला, अरे तिन्हीत 2.2 लिटरचं एमहॉक डिझेल इंजिनच आहे ना, मग फरक काय तो सांग. इंजिन एकच हे त्याचं बरोबर आहे, पण फरक कळायला जरा मागे जावं लागतं, अगदी माझगावपर्यंत.

1945 साली ही कंपनी सुरू झाली ती महिंद्रा अँड मोहम्मद नावाने, स्टीलच्या व्यापारासाठी. फाळणीनंतर त्यातले गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि 1948 मध्ये इथे नाव बदलून महिंद्रा अँड महिंद्रा झालं. जीपचं लायसन्स विलीज या अमेरिकन कंपनीचं. मुंबईत माझगावला सुट्या भागांतून जीप जोडायला सुरुवात झाली, आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षं जे काही निघालं ते त्याच जीपचं खानदान: खाली लोखंडी शिडीसारखी चेसी, वर बॉडी, मागे स्प्रिंगच्या जागी पाटे, इंजिन आधी पेट्रोल आणि मग डिझेल. सीजे, एमएम 540, कमांडर, मार्शल, अरमाडा, नावं बदलत गेली पण गाडी वाकून खालून बघितली की ओळखीचीच दिसायची.

गावोगावी शेअरने माणसं नेणाऱ्या जीपला आमच्याकडे वडाप म्हणतात, मराठवाड्यात काळी-पिवळी. त्यातल्या कमांडरमध्ये मागे समोरासमोर बाक असायचे, गुडघ्याला गुडघा लावून बसायचं, मधल्या जागेत कुणाचं तरी खताचं पोतं नाहीतर कोंबडीची पाटी, आणि ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर कारण त्याच्या सीटवर पण आणखी एक जण. ही गाडी किती वेगात पळते हे कुणी कधी विचारलं नाही, घाट चढते का आणि गावातला मिस्त्री उघडू शकतो का एवढंच बघायचे लोक. बोलेरो समजून घ्यायची तर इथून घ्यावी लागते. 2000 साली ती आली ती अरमाडाच्याच पायावर, अंगात जीपच. आजही 1.5 लिटर, तीन सिलिंडर, साधारण 75 बीएचपी ताकद आणि 210 न्यूटन मीटर ओढ, मागे पाटेच. कागदावर बघितलं तर हसू येतं, पण ही गाडी कागद बघून कुणी घेतच नाही.

बोलेरोची चार मीटरच्या आतली लांबी हा पण एक इतिहासच आहे. 2006 पासून छोट्या गाड्यांना एक्साइजमध्ये सवलत मिळायला लागली, अट अशी की लांबी चार मीटरच्या आत आणि डिझेल इंजिन 1.5 लिटरपर्यंत. म्हणून 2016 मध्ये बोलेरोचं नाक कापून, जुनं अडीच लिटरचं इंजिन काढून बोलेरो पॉवर प्लस आणली. म्हणजे इंजिन लहान झालं ते सरकारी टॅक्समुळे.

खरा सांधा बदलला 2002 ला. स्कॉर्पिओ. साडेपाचशे-सहाशे कोटींत पूर्ण नवी गाडी, जी रक्कम परदेशी कंपन्यांच्या मानाने किरकोळच, आणि कंपनीतल्या पवन गोएंकांच्या टीमने ती केली कशी तर बरेचसे भाग डिझाइन करण्यापासूनच सप्लायरच्या गळ्यात घातले. चेसी शिडीचीच ठेवली, पण इंजिन 2.6 लिटर टर्बो डिझेल, 109 बीएचपी. नाशिकची गाडी. जिल्हा परिषदेच्या आवारात पांढऱ्या स्कॉर्पिओची रांग दिसायला लागली ती तेव्हापासून. काही वर्षांनी, 2008 च्या सुमारास, तिच्यात ते 2.2 लिटरचं एमहॉक आलं, 120 बीएचपीचं. चुलतभाऊ ज्याच्याबद्दल बोलतो त्या इंजिनाचं मूळ हे.

आता गंमत बघा. 2011 ला एक्सयूव्ही 500 आली, त्यात एमहॉकच पण 140 बीएचपी, आणि इंजिन आडवं बसवलेलं, कारण ताकद पुढच्या चाकांना द्यायची होती. चेसी आणि बॉडी वेगळी नाहीच, सगळा सांगाडाच एक, मोनोकॉक, महिंद्राने स्वतः डिझाइन केलेला पहिला. मी त्यात पहिल्यांदा बसलो तेव्हा स्पीडब्रेकरवर सवयीने डोकं सांभाळायला हात वर टपाकडे गेला आणि काहीच झालं नाही, शेजारचा हसला. महिंद्राची गाडी पण अशी चालू शकते हे तेव्हा कळलं. 2015 च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्लीत 2000 सीसी आणि वरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली तेव्हा महिन्याभरात हेच इंजिन 1.99 लिटरचं करून स्कॉर्पिओ आणि एक्सयूव्ही 500 दोन्हीत टाकलं, आठ महिन्यांनी बंदी उठली. जुगाड म्हणा, पण चपळाई होती.

तिथून पुढचे आकडे. थारचं 2.2 लिटर डिझेल 130 बीएचपी, 300 न्यूटन मीटर. स्कॉर्पिओ-एनचं खालचं मॉडेल तेवढंच, वरचं 172 बीएचपी आणि ऑटोमॅटिकला 400 न्यूटन मीटर. एक्सयूव्ही 700 च्या वरच्या मॉडेलला 182 आणि ऑटोमॅटिकला 450. घराणं एकच पण ट्यूनिंग वेगळं, कारण खालची गाडी वेगळी. थार आणि स्कॉर्पिओ-एन शिडीवर, मागच्या चाकांना ताकद, मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर म्हणजे अखंड अ‍ॅक्सल, त्यामुळे ओढायला आणि खड्ड्यांना भारी पण हायवेवर मागचा माणूस थोडा हलणारच. 700 मोनोकॉक, मागे चाकं स्वतंत्र, ती 500 ची लेक.

सेफ्टीचं पण असंच, नावावर जाऊ नका. 2016 ला एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये शून्य स्टार मिळाले होते, 2022 ला स्कॉर्पिओ-एनला पाच. 2020 च्या थारला चार, 700 ला पाच. आणि बोलेरो निओ? तिला 2024 मध्ये एकच स्टार, आणि ती मुळात बोलेरो नाहीच, ती 2015 ची टीयूव्ही 300, स्कॉर्पिओच्या चेसीवरची, नाव चाललं नाही म्हणून 2021 ला बोलेरोचं आडनाव लावलं. दत्तक म्हणा. मला विचाराल तर हे नाव चिकटवणं जरा फसवंच वाटतं, गावाकडे लोक बोलेरो म्हणून बघायला जातात आणि भलतीच गाडी समोर येते.

चाकणला आता बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई या इलेक्ट्रिक गाड्या बनतात, मोठ्या 79 किलोवॅट-अवरच्या बॅटरीवर साधारण 282 बीएचपी, इंजिन नाही, शिडी नाही, मोटर मागे. एमहॉकची तुलना इथे संपतेच.

हे सगळं सांगून झाल्यावर चुलतभाऊ शोरूमला गेला, सेल्समन सनरूफ दाखवत होता आणि हा खाली वाकून मागच्या चाकांच्या मधे मोबाईलचा टॉर्च मारत होता. संध्याकाळी फोटो पाठवला, खाली लिहिलेलं, "अ‍ॅक्सल अखंड आहे, पण आईला मागे बसायचंय, तर 700 च ना?"