मोरेह: दोन फाटकांचा बाजार

इंफाळहून सुमारे ११० किलोमीटरवर मोरेह, मणिपूरचं सरहद्दीवरचं शहर. पलीकडे म्यानमारचं तामू, आणि मधल्या फाटकाला टेकूनच नामफालाँगचा बाजार. ही सरहद्द १८३४ची: इंग्रजांनी कबाव खोरं ब्रह्मदेशाला दिलं आणि मणिपूरच्या राजाला दरमहा ५०० शिक्का रुपये भरपाई बांधून दिली. डोंगरात राहणाऱ्या कुकी जमातीची गावं दोन्ही बाजूंना राहिली.

बाजार मात्र अलीकडचा. १९६२मध्ये ब्रह्मदेशात जनरल ने विन यांनी सत्ता बळकावली, पुढे दुकानं सरकारजमा झाली आणि भारतीय वंशाचे लाखो लोक तिथून बाहेर पडले. मद्रासला उतरलेल्यांपैकी काही तमिळ कुटुंबांचा तिकडे जम बसेना. ती जमिनीच्या वाटेनं ब्रह्मदेशाकडे परत निघाली, सरहद्दीवर अडली आणि मोरेहलाच थांबली. तिथलं अंगाळ परमेश्वरीचं देऊळ त्यांचंच. मैतेई (इंफाळ खोऱ्यातला बहुसंख्य समाज), कुकी, मारवाडी, नेपाळी, पंजाबी, मुस्लिम पांगल यांचीही दुकानं झाली.

जानेवारी १९९४च्या भारत-म्यानमार करारानुसार एप्रिल १९९५मध्ये सीमाव्यापार रीतसर सुरू झाला: २२ जिन्नस, मालाच्या बदल्यात माल, पाच टक्के शुल्क. यादी पुढे ६२वर गेली. पण बाजार चालवला तो यादीबाहेरच्या मालानं. चिनी ब्लँकेटं, थर्मास, चपला नामफालाँगमध्ये घ्यायच्या आणि गेट नंबर दोनमधून डोक्यावरच्या गठ्ठ्यानं आणायच्या. गेट नंबर एक कागदोपत्री व्यापाराचं. वर्दळ दोन नंबरला. म्यानमारचं घड्याळ एक तास पुढे, त्यामुळे खरेदीला जाणाऱ्यानं सकाळीच निघायचं.

डिसेंबर २०१५पासून मालाच्या बदल्यात मालाचा व्यापार बंद झाला. बँकेमार्फत पैसे, पूर्ण कागदपत्रं, नेहमीचं शुल्क. लहान व्यापाऱ्याला हे झेपणारं नव्हतं. सुपारी आडवाटांनी येऊ लागली. तस्करीच्या सुपारीची सीबीआय चौकशी नागपूरपर्यंत पोचली, ती उगाच नव्हे. (आपल्याकडची म्यानमारची तूर आणि उडीद मात्र मुख्यतः यांगूनहून जहाजानं येते.)

संघर्षाची झळ जुनी आहे. १९९०च्या दशकातल्या नागा-कुकी हिंसाचारामागे इथल्या वसुलीवर ताबा कुणाचा, हाही वाद होता. सशस्त्र गटांची रस्त्यावरची 'करवसुली' मालाच्या भावात धरावीच लागे.

ऑगस्ट २०१८मध्ये प्रवाशांसाठी सीमा अधिकृतपणे खुली झाली. मार्च २०२०मध्ये कोविडमुळे फाटकं मिटली आणि ती पूर्ववत होण्याआधीच, फेब्रुवारी २०२१मध्ये, म्यानमारमध्ये लष्करानं सत्ता घेतली. सरहद्दीलगतचा सागाइंग प्रांत पेटला, निर्वासित इकडे आले. ३ मे २०२३ला मणिपुरात मैतेई-कुकी हिंसाचार उसळल्यावर मोरेहमधले मैतेई शहर सोडून गेले. जुलैअखेर त्यांची रिकामी घरंही जाळली गेली. ऑक्टोबरमध्ये इथल्या पोलीस उपविभागीय अधिकाऱ्याची गोळी घालून हत्या झाली.

फेब्रुवारी २०२४मध्ये केंद्रानं १,६४३ किलोमीटरच्या सीमेवर कुंपणाची घोषणा केली. मोरेहजवळचा १० किलोमीटरचा पट्टा तोवर झालाही होता. सीमेवरच्या रहिवाशांची मुक्त ये-जा आधी १६ किलोमीटरपर्यंत चाले, वर्षअखेरीच्या नियमांनी ती १० किलोमीटर आणि पासवर आली. पण बाजाराची मोठी अडचण फाटकाच्या अलीकडे आहे: गिऱ्हाईक इंफाळचं, आणि इंफाळचा रस्ता कुकी डोंगरांतून जातो. मैतेई व्यापाऱ्याला तो २०२३पासून बंद झाला.